दीड इंच लाकूड

डोर्लीकर मालगुजारांनी खोळीतून रायफल काढली, काउंटरवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "हिला डोळे बसवून द्या."

तय्यबअली शेठ चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "हिला का आपल्याला, मालगुजारसाहेब?"

"मला आहेत ना जी."

मालगुजारांना डोळे होते हे खरं. उजव्या डोळ्यात मात्र दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरलं होतं. मला ते मागच्या बाकड्यावरून दिसलं. शेठना दिसलं नाही, कारण शेठ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघत नसत, परवान्याकडे बघत. परवाना चोख होता. सोबत जंगलखात्याचं पत्र होतं. पिंपळखुटीच्या जंगलातली वाघीण नरभक्षक ठरली असून तिला मारण्याची परवानगी राजेश्वरराव डोर्लीकर यांना देण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं.

ही त्रेसष्ट सालच्या मार्चमधली गोष्ट. नागपुरातल्या शेठच्या बंदुकीच्या दुकानात मी मिस्त्री होतो. वय सव्वीस. नळ्या साफ करणं, घोडे दुरुस्त करणं, दस्ते बसवणं हे माझं काम, आणि त्यात आपल्याला आता कुणी काही शिकवण्यासारखं उरलेलं नाही अशी माझी खात्री होती. डोर्लीकर मालगुजारांचं नाव मी ऐकून होतो. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांना सगळे मालगुजारच म्हणत. चांद्याकडच्या जंगलात त्यांच्या नावावर अकरा वाघ होते, आणि त्यातले सात माणसं खाणारे. दर वाघाला वर्तमानपत्रात त्यांचा फोटो यायचा. उंच, सरळ, फेटा बांधलेला माणूस आणि पायाशी वाघ.

"तुळशीराम," शेठनी हाक मारली, "साहेबांना दुर्बिणी दाखव."

परदेशी माल येणं तेव्हा बंदच झालं होतं. आमच्याकडे दोनच दुर्बिणी होत्या, दोन्ही जाताना इंग्रज साहेबांनी विकलेल्या. एक सहा पटीची, लांबलचक, काळी, रुबाबदार. दुसरी अडीच पटीची, आखूड, जाडसर फुंकणीसारखी. मालगुजारांनी अर्थातच मोठी उचलली.

"ही बरी दिसते."

"दिसायला बरी आहे," मी म्हणालो. "पण वाघ किती लांबून मारता आपण?"

"तीस-चाळीस पावलं."

"मग हिच्यातून पट्टे दिसतील. वाघ दिसणार नाही."

"म्हणजे?"

"सहा पट जवळ आला की सगळी काच पट्ट्यांनीच भरते. खांदा कुठला आणि पोट कुठलं ते कळत नाही. लहान दुर्बिणीत वाघ थोडा बारीक दिसेल, पण सबंध दिसेल. शिवाय सांजेला उजेडही जास्त येतो हिच्यात."

मालगुजारांनी दोन्ही दुर्बिणी दोन हातांत घेऊन तोलल्या. मग खाली ठेवल्या आणि म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

शेठ मोठ्याने हसले. "साहेब, दुर्बीण आहे, लुगडं नाही!"

मालगुजार हसले नाहीत. त्यांची मंडळी त्यांच्यासोबत नागपूरला आली होती आणि महाल भागात भावाकडे उतरली होती. टांगा करून ते गेले, तासाभराने परत आले. आता त्यांच्या हातात एक कागद होता. चष्मा लावून, कागद लांब धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"दुर्बीण लहान. माउंट पटकन काढता येणारा. एका हाताने, रायफल खांद्याला असतानासुद्धा. काच धुक्यानं आंधळी झाली किंवा जनावर अंगावर आलं तर नुसत्या माशीवर मारता आलं पाहिजे." माउंट म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरणारी कड्यांची बैठक, आणि माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी. "म्हणून कड्या फार उंच नकोत, फार बुटक्या नकोत. काडतुसं मऊ टोकाची, तीनशे ग्रेनची." त्यांनी चष्मा काढला. "असं मला वाटतं."

मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. आमच्याकडे येणारे शिकारी दुर्बीण घेताना तिच्यातून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघायचे. माउंटबद्दल कुणी एवढं विचारत नसे. माझ्याजवळ खटक्याचा एक पोलादी माउंट होता. अंगठ्याने खटका मागे ओढला की दुर्बीण हातात यायची आणि पुन्हा बसवली तरी निशाणी हलायची नाही. तो मी त्यांना दाखवला. खटका त्यांनी स्वतः ओढून पाहिला नाही. "चालेल," एवढंच म्हणाले.

मग मी त्यांना रायफल खांद्याला लावायला सांगितली. दुर्बीण बसवायची म्हणजे डोळा आणि काच यांच्यातलं अंतर मोजावं लागतं. अंतर कमी पडलं तर बार उडताना रायफल मागे येते आणि दुर्बिणीची कडा भुवईत घुसते. जास्त झालं तर काचेत काळोख दिसतो. मालगुजारांनी रायफल लावली आणि मी बघतच राहिलो. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं लाकूड, इतका आखूड होता की त्यांचा अंगठा नाकाला टेकत होता.

"दस्ता कुणी कापला, साहेब?"

"होता तसाच."

"हिने अकरा वाघ मारले?"

"हिनेच."

दोन दिवस राबलो. माउंट बसवला, कड्या घासून जुळवल्या, पोलिसांच्या मैदानावर जाऊन निशाणी जुळवली. आणि एक काम मला कुणी सांगितलं नव्हतं, तेही केलं. अक्रोडाचा दीड इंचाचा तुकडा घेऊन मी दस्त्याच्या मागे जोडला. रेघेला रेघ अशी जुळवली की जोड हाताला लागत नव्हता. दुर्बीण मालगुजारांच्या मानेच्या, हाताच्या मापाने बसवली. न मागता केलेलं काम होतं ते, आणि त्या सबंध वर्षातलं माझं सगळ्यात सुबक काम तेच होतं.

मालगुजार रायफल न्यायला आले तेव्हा दस्त्यावरून हात फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला.

"हे काय केलं?"

"आता ती आपल्या मापाची झाली," मी म्हणालो.

"छान झालं," ते म्हणाले. आहेरात आलेली अंगठी बोटात जात नसली तरी चारचौघांत छान म्हणावं लागतं, तसं म्हणाले. रायफल खोळीत घातली आणि गेले.

---

तीन आठवड्यांनी दुकानात एक माणूस येऊन उभा राहिला. काळासावळा, काटक, पन्नाशीचा. डोक्याला पंचा, पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ. त्याचं नाव कान्हू मडावी. मालगुजारांचा माग काढणारा तो. त्याने शेठना चिठ्ठी दिली. 'मिस्त्रीस हत्यारांसह पाठवावे. सोबत करवत असावी. रायफल घेऊन तिकडे येणे शक्य नाही.'

"करवत?" शेठ माझ्याकडे बघत म्हणाले. "काय केलंस तू?"

मला माहीत नव्हतं. मी करवत घेतली.

मोटारीने आधी चांद्याला, तिथून दुसऱ्या मोटारीने मूल गावाच्या पुढे, आणि शेवटचे सहा मैल पायी, असा तो प्रवास झाला. मोहफुलांचा हंगाम होता. झाडांखाली फुलांचा खच पडलेला, आणि वेचायला एकसुद्धा माणूस नाही. कान्हू पुढे चालत होता. कुऱ्हाड त्याच्या खांद्यावर नव्हती, हातात होती.

"वाघीण मेली का?" मी विचारलं.

"नाही जी."

"बार टाकला होता?"

"टाकला. पुढच्या पायाले लागला. लंगडते आता." त्याने वाटेवरची फांदी बाजूला सारली. "लंगडी झाली, तं हरणं गवसत नाहीत तिले. मागच्या बुधवारी लच्छू आत्राम गेला. बांबू तोडत होता. तीन लेकरं हायेत त्याची."

मी विचारलं, "मालगुजार चुकले कसे?"

"मालक नाही चुकले जी."

"मग?"

"मालक कधीच चुकत नाहीत," कान्हू म्हणाला आणि पुढच्या वळणावर जमीन बघायला खाली वाकला.

मालगुजार ओट्यावर बसले होते. कौलारू, नीटनेटकं घर. भिंतीवर एकही वाघाचं कातडं नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं. आतून त्यांच्या मंडळी, सगुणाबाई, पाणी घेऊन आल्या. ठेंगणी, भरल्या अंगाची बाई. पंचेचाळीशी असेल. डोक्यावरचा पदर कपाळावर ओढलेला, तरी उजव्या भुवईवरची पट्टी दिसत होती.

"दाराची कडी लागली," मालगुजार म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

सगुणाबाईंनी तांब्या ठेवायला मान खाली घातली आणि पट्टीच्या खालून जखमेचं टोक दिसलं. बारीक, गोल, अर्ध्या चंद्रासारखं. बंदुकीच्या धंद्यातल्या माणसाला ते ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. दाराची कडी असली खूण काढत नाही. दुर्बिणीची कडा काढते. मी मालगुजारांच्या भुवईकडे बघितलं. ती स्वच्छ होती.

मी पाणी प्यायलो. मग आणखी एक तांब्या मागून प्यायलो. आखूड दस्ता, घरी विचारून सांगतो, तो कागद, सगळं एकेक करून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी लावलेल्या दीड इंच लाकडामुळे दस्ता त्या बाईच्या खांद्याला टेकला नव्हता, काखेत गेला होता. काच दिसावी म्हणून तिने मान पुढे ओढली होती. बार भलतीकडे गेला आणि रायफल मागे येऊन कपाळावर बसली. आणि मग बुधवारी लच्छू आत्राम.

"दस्ता कमी करायचा आहे," मालगुजार म्हणाले.

"हो."

"माझं माप जरा... घटलंय."

"वयाने होतं तसं," मी म्हणालो.

"मान्य आहे ना तुम्हाला?"

"धंद्यात पाहिलंय मी. माणूस आटतो."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी रायफल काढली, दोरी, पट्टी, पेन्सिल मांडली. आता माप घ्यायचं तर कुणाचं, हा प्रश्न होता. मालगुजार उठून उभे राहिले, रायफलीकडे हात नेला आणि मागे घेतला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आतून सगुणाबाई बाहेर आल्या.

"यांची कंबर धरली आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या जागी मी उभी राहू का, मिस्त्री? माप काय, कुणाचंही चालेल."

"चालेल," मी म्हणालो.

त्यांनी पदर खोचला, रायफल उचलली आणि खांद्याला लावली. मी त्या दुकानात नऊ वर्षं काढली होती, कर्नल बघितले होते, राजे बघितले होते. एवढ्या सहज खांद्याला जाणारी रायफल मी बघितली नव्हती. फक्त शेवटी वाढलेल्या दस्त्याने ती खांद्याच्या जागी अडली तशी सगुणाबाईंनी मान डोलावली, जणू म्हणत होत्या, बघा, इथे.

मी माप घेतलं. दीड नाही, पावणेदोन इंच कमी करायला हवं होतं. मी तुकडा जोडण्याआधीही रायफल बाईंना थोडी लांबच होती, इतकी वर्षं त्यांनी चालवून घेतली होती. मी करवत लावली. अक्रोडाची रेघेला रेघ जुळवलेली ती फळी ओट्यावर पडली. मग दुर्बीण पुढे सरकवली. डोळा आणि काच यांच्यात साडेतीन इंच ठेवले. जखमेमुळे बाई नकळत अंग चोरतील म्हणून आणखी थोडं.

"माझ्याजवळ हलकी काडतुसंही आहेत," मी म्हणालो. "धक्का कमी बसेल. खांद्याला... साहेबांच्या खांद्याला बरं."

"हलकी नकोत," सगुणाबाई म्हणाल्या. "जखमी जनावर समोरून येतं. हलकी गोळी कपाळाच्या हाडावर फुटेल, आत जाणार नाही. जडच पाहिजे." त्यांनी मालगुजारांकडे पाहिलं. "असं हे म्हणतात."

"असं मी म्हणतो," मालगुजार म्हणाले.

दुपारी खळ्यामागे निशाणी तपासली. पळसाच्या बुंध्याला कोळशाने काळा ठिपका काढला. बाई मांडी घालून बसल्या, मालगुजारांनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. तीन बार. तिन्ही एका तळहाताखाली झाकतील एवढ्या जागेत. पहिल्या बाराला बाईंचे डोळे मिटले होते. तिसऱ्याला उघडे होते.

"जमलं," मी म्हणालो.

"यांना सांगा," बाई म्हणाल्या. मी मालगुजारांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

---

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कान्हू धावत आला. वाघीण नाल्यातल्या बांबूच्या बेटात शिरली होती, ताजी पावलं होती. मचाण बांधून वाट बघण्यात अर्थ नव्हता. मारलेल्या जनावरावर ती परत येत नव्हती, एकदा तिथेच गोळी खाल्ली होती. पायीच जावं लागणार होतं.

"मीही येतो," मी म्हणालो.

"कशाला?" मालगुजारांनी विचारलं.

"माउंटचा स्क्रू सैल झाला तर," मी म्हणालो.

सगुणाबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "येऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम आहे ते."

आम्ही निघालो तेव्हा मला वाटलं होतं, आधी कान्हू, मग बाई, मग आम्ही. नाल्याच्या तोंडाशी आल्यावर मालगुजारांनी फेटा घट्ट केला, काठी घेतली आणि पुढे गेले. नुसती काठी. त्यांच्या मागे दहा पावलांवर बाई, रायफल घेऊन. बाईंच्या डाव्या हाताला कान्हू. शेवटी मी.

मी कान्हूच्या कानात म्हणालो, "मालकांना दिसत नाही. त्यांना मागे घ्या."

"ते पुढंच राहतात जी."

"का?"

"वाघ यावा म्हणून," कान्हू म्हणाला.

मला ते आधी कळलंच नाही. मालगुजार सरळ चालत होते, लपत नव्हते, वाकत नव्हते. वाळलेल्या बांबूच्या पानांवर मुद्दाम पाय वाजवत होते. मधूनमधून खाकरत होते. साठी उलटलेला, उजव्या डोळ्याने आंधळा, हातात काठी घेतलेला तो उंच माणूस त्या सबंध रानात सगळ्यांत ठळक दिसत होता. अकरा वाघांपैकी किती असे आले असतील याचा मी हिशोब करायला गेलो आणि सोडून दिला. बाईंची नजर त्यांच्या पाठीवर नव्हती. त्यांच्या आजूबाजूला होती.

बेटाच्या टोकाला मालगुजार थांबले. "आहे," ते साध्या आवाजात म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं, वास आला होता.

ती डाव्या बाजूने आली. मला आधी आवाज आला, मग बांबू हलले, आणि मग एक पाय उचलून धावणारी, तरी कल्पनेपेक्षा किती तरी वेगाने येणारी वाघीण मोकळ्यावर आली. मालगुजार हलले नाहीत. काठी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. बाईंनी माउंटचा खटका ओढला, दुर्बीण काढली आणि मागे न बघता माझ्याकडे केली. मी ती घेतली. सगळं एका श्वासात झालं. मग त्यांनी नुसत्या माशीवर नेम धरला आणि बार झाला.

वाघीण मालगुजारांपासून सात पावलांवर पडली. नंतर मी ती मोजली. गोळी डोळ्यांच्या मधे, बोटभर वर लागली होती. बाईंनी बोल्ट मागे ओढून दुसरं काडतूस भरलं आणि तशाच उभ्या राहिल्या, पाच मिनिटं तरी. मी दुर्बीण दोन्ही हातांत धरून उभा होतो. एवढी निवडून, पारखून, दोनदा बसवलेली दुर्बीण, आणि वाघीण मेली तेव्हा ती माझ्या हातात होती.

"लागलं का कुठं?" बाईंनी विचारलं.

"नाही," मालगुजार म्हणाले. मग ते खाली बसले. बाईंनी रायफल कान्हूकडे दिली, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि पदराने त्यांचा घाम पुसला. कान्हूने तोंड दुसरीकडे केलं. मग मीही केलं.

---

आठवड्याने तालुक्याच्या शाळेच्या पटांगणात मालगुजारांचा सत्कार झाला. त्यांच्या आग्रहावरून मी थांबलो होतो. जिल्ह्याचे मोठे साहेब आले होते. शाल, नारळ, हार. सगुणाबाई बायकांत बसल्या होत्या, पदर भुवईपर्यंत. लच्छू आत्रामची बायको त्यांच्या शेजारी होती.

मालगुजारांना बोलायला सांगितलं तेव्हा ते काठी टेकत माइकपाशी आले.

"मी वाघीण मारली नाही," ते म्हणाले. "याआधीचेही वाघ... पहिले दोन सोडले तर बाकीचे मी मारले नाहीत. डोळा गेला माझा छप्पन सालीच. रायफल माझ्या घरच्यांनी चालवली. मी नुसता पुढे चालतो."

मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळं पटांगण टाळ्यांनी भरून गेलं. साहेब उठून माइकवर आले. एवढा मोठा शिकारी आणि एवढी नम्रता, असं ते म्हणाले. सगळं श्रेय पत्नीला देणारा असा पती त्यांनी पाहिला नव्हता. लोक हसले. आणखी टाळ्या.

मालगुजार तसेच उभे. "खरं सांगतो जी," ते म्हणाले. "मिस्त्रींना विचारा. त्यांनी माप घेतलंय."

साहेबांनी हसत हसत मला शोधून काढलं. "काय हो मिस्त्री? कुणाचं माप घेतलंत तुम्ही?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी उभा राहिलो आणि बायकांकडे बघितलं. सगुणाबाईंनी मान हलवली. इतकी थोडी की शेजारच्या बाईलाही कळलं नसेल. नाही.

"मी फक्त दुर्बीण बसवतो, साहेब," मी म्हणालो.

लोक पुन्हा हसले. मालगुजारांनी माझ्याकडे असं बघितलं की तसं माझ्याकडे परत कुणी बघू नये. मग ते खाली बसले.

---

एकाहत्तर साली मालगुजार वारले. पुढच्या वर्षी शिकारच बंद झाली. त्याच्याही पुढच्या वर्षी, शेठ दुकानात यायचे थांबले होते आणि दुकान मी बघत होतो, तेव्हा सगुणाबाई एकट्या दुकानात आल्या. केस पांढरे झाले होते. भुवईवर अर्धा चंद्र होता, आता पांढरट.

रायफल त्यांना स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती. डुकरं पीक ठेवत नव्हती. परवान्याच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, बाईमाणूस आहात, हत्यार हाताळता येतं असा कुणा जाणकाराचा दाखला आणा.

मी कागद पुढे ओढला. दहा वर्षं वाट बघितली होती असं मला वाटलं. "आता लिहितो," मी म्हणालो. "सगळं लिहितो."

"काय लिहाल?"

"जे आहे ते. नऊ वाघ आणि ती वाघीण."

"अन् साहेब विचारील, परवाना नसताना कसे मारले? मग यांच्या माघारी यांच्या नावावर गुन्हा."

माझा टाक हवेत राहिला.

"त्या दिवशी मान का हलवली तुम्ही?" मी विचारलं. "ते स्वतः सांगत होते. मी एक शब्द बोललो असतो तर लोकांनी मानलं असतं."

"म्हणूनच." त्या खुर्चीवर नीट बसल्या. "ते बोलले, माझं काम झालं. पण तुम्ही बोलला असता तर लोकांना पटलं असतं. मग ओट्यावर कुणी आलं असतं यांच्याकडे? सकाळपासून माणसं यायची. वाघाचं सांगायला, भांडणं सांगायला. यांनी ते सोडून दिवसभर काय केलं असतं?" मग म्हणाल्या, "अन् पुढं चालणं सोपं होतं, असं वाटतं का तुम्हाला? मला दिसत तरी होतं."

मी टाक खाली ठेवला.

"त्यांनी नंतर मला कधी विचारलं नाही," मी म्हणालो. "मी तसं का बोललो ते."

"मला विचारलं. मी सांगितलं, मीच नको म्हणाले. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग बोलले." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "लिहा आता. मोटार सुटेल माझी."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. अर्जदार बाईंना शस्त्र हाताळण्याचा पूर्वानुभव नाही. मात्र मी स्वतः त्यांना दोन दिवस शिकवले असून त्यांना ते बऱ्यापैकी जमते. खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला.

सगुणाबाईंनी चष्मा लावून दाखला दोनदा वाचला. घडी घातली, पिशवीत ठेवला.

"खोटं लिहिताना अक्षर चांगलं येतं तुमचं, मिस्त्री," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.